उत्तर दिल्यावरही न संपणारे प्रोग्राम

पान दहा वेळा रिफ्रेश केलं की नऊदा ठीक दिसतं आणि एकदा जुनाच दर दाखवतं. आयबीएम आय मशीनवर वेब प्रोग्राम सांभाळणाऱ्याच्या वाट्याला अशी तक्रार कधी ना कधी येतेच. प्रोग्राम तोच, डेटाबेस तोच, पान उघडणारा माणूसही तोच, मग मधूनच चुकतं कसं? माझ्याकडे ही तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा मी दोन दिवस डेटाबेसमधून माहिती काढणारं एसक्यूएल तपासत बसलो. एसक्यूएलमध्ये काहीच चूक नव्हती. दरांचा तक्ता दर वेळी वाचायला नको म्हणून प्रोग्रामने तो पहिल्या कॉललाच एका ॲरेमध्ये भरून ठेवला होता. मागे दहा जॉब, म्हणजे तोच प्रोग्राम वेगवेगळा चालवणारी दहा कामं, चालू होते. त्यातल्या एकाने दर बदलण्याआधी तक्ता भरला होता आणि बाकी नऊ जणांना पहिलं काम मिळालं ते दर बदलल्यावर. रिफ्रेश कुठल्या जॉबच्या वाट्याला जाईल त्यावर उत्तर ठरत होतं.

हे समजून घ्यायचं तर या मशीनचा स्वभाव आधी पाहावा लागतो. आयबीएमने जून १९८८ मध्ये एएस/४०० हा मध्यम आकाराचा व्यावसायिक संगणक जाहीर केला. सिस्टिम/३८ आणि सिस्टिम/३६ हे त्याचे पूर्वज. तिघेही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरचे. पुढे नावं बदलत गेली. २००० मध्ये आयसिरीज, नंतर सिस्टिम आय आणि २००८ पासून पॉवर सर्व्हरवर चालणारी ‘आयबीएम आय’ ही ऑपरेटिंग सिस्टिम. जुनी मंडळी मात्र अजूनही एएस फोर हंड्रेडच म्हणतात.

या मशीनवर पिढ्यान्‌पिढ्या प्रोग्राम लिहिले गेले ते हिरव्या अक्षरांच्या पडद्यासाठी. माणूस साइन ऑन करतो, त्याच्या नावाने एक जॉब सुरू होतो आणि साइन ऑफ करेपर्यंत तो जॉब त्याचाच असतो. प्रोग्राम पडदा दाखवतो आणि थांबतो. माणूस चहाला जाऊन आला तरी प्रोग्राम तिथेच उभा असतो. फाइली उघड्या, व्हेरिएबल जिथल्या तिथे, शेवटचं वाचलेलं रेकॉर्डही हातात. या मशीनवरच्या आरपीजी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्याला ‘हा माणूस कोण, मघाशी काय करत होता’ हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण उत्तर जॉबमध्येच असायचं.

वेबचं सगळं याच्या उलट. ब्राउझर एक विनंती पाठवतो, उत्तर घेतो आणि विषय संपतो. पुढची विनंती आली की ती मघाचीच व्यक्ती आहे हे सर्व्हरला आपणहून कळत नाही. वेब सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम कसा चालवायचा याची सीजीआय नावाची रीत १९९३ मध्ये रूढ झाली, तीही याच समजुतीवर. विनंती आली की प्रोग्राम सुरू करायचा, त्याने पान लिहून द्यायचं आणि संपून जायचं. युनिक्सवर नवी प्रोसेस सुरू करणं तुलनेने स्वस्त. आयबीएम आयवर नवा जॉब म्हणजे मोठा पसारा असतो. लायब्ररी लिस्ट (प्रोग्राम आणि फाइली कुठे शोधायच्या त्याची यादी) लावायची, जॉबपुरती क्यूटेम्प ही तात्पुरती लायब्ररी तयार करायची, जॉब लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, सुरू करायचा आणि मग प्रोग्राम आत आणून एकेक फाइल उघडायची. प्रत्येक पानासाठी हे सगळं पहिल्यापासून केलं तर पान उघडायच्या आतच माणूस कंटाळेल.

म्हणून इथला एचटीटीपी सर्व्हर (आता तो अपाचेवर आधारलेला आहे) सीजीआयचे जॉब मारत नाही. काम झालं की जॉब रांगेत बाजूला थांबतो आणि पुढची विनंती आली की पुन्हा उठतो. खिडकीवरच्या कारकुनाची कल्पना करा. प्रत्येक माणसामागे कपाट उघडून वही काढणारा आणि काम झालं की परत ठेवणारा एक, आणि दिवसभर वह्या टेबलावर उघड्या ठेवणारा दुसरा. दुसरा अर्थातच झपाट्याने काम करतो. पण मागच्या माणसाचा अर्ज टेबलावर राहून गेला तर तो पुढच्याच्या हातात पडायचा धोकाही त्याच्याकडेच. या जॉबची देखभाल म्हणजे टेबलावर काय राहतं आणि ते कोण उचलतं, यावर नजर ठेवणं.

जॉब दिसतात कुठे

वर्क-ॲक्ट-जॉब ही चालू जॉब दाखवणारी कमांड क्यूएचटीटीपीएसव्हीआर या सबसिस्टिमसाठी, म्हणजे जॉबच्या गटासाठी, चालवली की प्रत्येक वेब सर्व्हर इन्स्टन्सच्या (स्वतंत्रपणे चालणाऱ्या सर्व्हरच्या) नावाने बरेच जॉब दिसतात. नाव सगळ्यांचं एकच, म्हणून नवखा माणूस गोंधळतो. फरक फंक्शनच्या रकान्यात कळतो. क्यूझेडएसआरएचटीटीपी असेल तर तो खुद्द सर्व्हर, क्यूझेडएसआरएलओजी असेल तर लॉग फिरवणारा, आणि क्यूझेडएसआरसीजीआय असेल तर आपले प्रोग्राम चालवणारा जॉब. आपला विषय या शेवटच्या गटाचा. सर्व्हर साधारणपणे क्यूटीएमएचएचटीटीपी या युजर प्रोफाइलखाली चालतो आणि सीजीआय प्रोग्राम क्यूटीएमएचएचटीपी१ खाली. दोन्ही नावं इतकी सारखी दिसतात की परवानगी एकाला द्यायची ती दुसऱ्याला देऊन बसणं हा इथला नेहमीचा अपघात आहे.

सुरुवातीला किती सीजीआय जॉब तयार ठेवायचे हे स्टार्ट-सीजीआय या निर्देशाने ठरतं आणि जास्तीत जास्त किती होऊ द्यायचे हे मॅक्स-सीजीआय-जॉब्जने. हे निर्देश इन्स्टन्सच्या कॉन्फ फोल्डरमधल्या एचटीटीपीडी डॉट कॉन्फ फाइलमध्ये असतात.

टेबलावर काय उरतं

प्रोग्राम जॉबमध्ये किती काळ जिवंत राहणार हे आयएलई या इथल्या प्रोग्राम बांधायच्या पद्धतीत ॲक्टिव्हेशन ग्रुप ठरवतो. हा जॉबच्या आतला एक कप्पा समजा. त्यात प्रोग्रामचे स्थिर व्हेरिएबल, उघड्या फाइली, फाइलींवरचे ओव्हरराइड (या फाइलऐवजी ती वापर अशा सूचना) आणि चालू ट्रान्झॅक्शन राहतात. प्रोग्राम ‘न्यू’ ॲक्टिव्हेशन ग्रुपवर बांधला असेल तर प्रत्येक कॉलला नवा कप्पा उघडतो आणि प्रोग्राम परतताना मोडून टाकला जातो. स्वच्छ, पण संथ. नाव दिलेल्या ग्रुपवर बांधला तर कप्पा जॉब संपेपर्यंत किंवा कुणी मुद्दाम रिक्लेम करेपर्यंत, म्हणजे मोडेपर्यंत, टिकतो. वेबसाठी बहुतेक जण हाच मार्ग धरतात आणि ते बरोबरच आहे.

त्यात आरपीजीची स्वतःची एक खुंटी आहे, ती म्हणजे एलआर इंडिकेटर. एलआर चालू करून प्रोग्राम परतला तर फाइली बंद होतात आणि पुढच्या कॉलला व्हेरिएबल पुन्हा सुरुवातीच्या किमतीवर येतात. एलआर न लावता नुसतं रिटर्न केलं तर सगळं आहे तसं राहतं आणि सुरुवातीची तयारी करणारं इनिझेडएसआर सबरूटीन पुन्हा चालत नाही. वेग मिळतो तो मुख्यतः इथेच, कारण या मशीनवर फाइल उघडणं हे वाचण्यापेक्षा कितीतरी महाग काम आहे.

पण व्हेरिएबल आहे तसं राहतं याचा अर्थ नीट लक्षात घ्या. क्रमांक १७ च्या ग्राहकाने पान उघडलं, प्रोग्रामने त्याचं नाव एका फील्डमध्ये भरलं, पान दिलं आणि परतला. आता दुसऱ्याच ग्राहकाची विनंती त्याच जॉबवर आली. त्याचं रेकॉर्ड सापडलं नाही आणि ‘सापडलं नाही’च्या फांदीत फील्ड रिकामं करायचं राहून गेलं. पानावर १७ नंबरच्या ग्राहकाचं नाव छापून येतं. हिरव्या पडद्यावर ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते, कारण जॉब एकाच माणसाचा असतो. वेबवर तीच चूक एकाची माहिती दुसऱ्याला दाखवते. माझ्या मते यापेक्षा गंभीर चूक या सगळ्या प्रकारात दुसरी नाही. म्हणून एलआर न लावणाऱ्या प्रत्येक वेब प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत, काहीही वाचण्याआधी, कामाची सगळी व्हेरिएबल साफ करणारं एक सबरूटीन असलंच पाहिजे. प्रोग्राम संपताना साफ करू म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण मध्ये कुठे एरर आली तर शेवटची ओळ गाठलीच जात नाही.

क्यूटेम्पचंही हेच. प्रत्येक जॉबची क्यूटेम्प वेगळी असते आणि जॉब संपला की ती नाहीशी होते, म्हणून लोक तिला कच्च्या वहीसारखी वापरतात. इथे जॉब संपतच नाही. सकाळी एका विनंतीने तिथे केलेली तात्पुरती फाइल दुपारच्या विनंतीला तयार सापडते, जुन्या ओळींसकट. ‘फाइल आधीच आहे’ ही एरर प्रोग्रामने मुकाट्याने गिळली असेल तर नवी माहिती जुन्याच्या खाली चिकटते आणि अहवालातली बेरीज फुगत जाते. लायब्ररी लिस्ट बदलणं, ओव्हरराइड लावणं, कर्सर उघडा ठेवणं यांचंही तसंच. जॉबमध्ये जे बदललं ते पुढच्या अनोळखी माणसाला वारशाने मिळतं.

चाचणीत हे सहसा पकडलं जात नाही, कारण चाचणी करणारा एकटाच असतो आणि त्याला स्वतःचीच शिळी माहिती परत दिसते. चाचणीच्या इन्स्टन्सवर सीजीआय जॉब एकच ठेवा आणि दोन वेगवेगळ्या लॉगिनने आळीपाळीने पानं उघडा. असलेली गळती बहुधा पाच मिनिटांत समोर येते.

एका माणसाला बांधलेला जॉब

इथवर सांगितलेले जॉब टिकाऊ आहेत, पण ते कुणा एकाचे नाहीत. याच सर्व्हरमध्ये दुसरा प्रकारही आहे. त्याला पर्सिस्टंट सीजीआय म्हणतात आणि दोन्हींची सरमिसळ नेहमी होते. यात एक जॉब एका वापरणाऱ्याच्या सेशनला बांधून ठेवला जातो, म्हणजे जवळजवळ हिरव्या पडद्याचा जमाना परत येतो.

प्रोग्राम उत्तर देताना ॲक्सेप्ट-एचटीसेशन नावाचं हेडर (पानाआधी जाणारी, सर्व्हरसाठीची ओळ) पाठवतो आणि त्यात स्वतः तयार केलेली एक खूण ठेवतो. पानावरच्या लिंकांमध्ये प्रोग्रामच्या नावापुढे तीच खूण गुंफलेली असते. ती घेऊन पुढची विनंती आली की सर्व्हर ती नेमकी त्याच जॉबकडे पाठवतो. काम संपलं की प्रोग्राम ते हेडर न पाठवता उत्तर देतो आणि बंध सुटतो. खूण कशी करायची हे प्रोग्रामवर सोपवलेलं आहे. कुणी १, २, ३ अशी चढती संख्या वापरली तर पत्त्यातला आकडा एकने वाढवून शेजाऱ्याच्या सेशनमध्ये शिरता येतं. ही खूण अंदाज न करता येण्याजोगीच असायला हवी.

खरी अडचण सुरू होते ती वापरणारा काही न सांगता निघून जातो तेव्हा. ब्राउझर बंद केला हे सर्व्हरला कोण सांगणार? तो जॉब, त्याच्या उघड्या फाइली, त्याने धरलेलं रेकॉर्ड सगळं ताटकळत बसतं. यावर उपाय तीन वेळमर्यादांचा आहे. एचटीटाइमआउट हे हेडर प्रोग्राम स्वतः पाठवतो. त्याने ते पाठवलं नाही तर पर्सिस्टंट-सीजीआय-टाइमआउट लागू होतो, जो मुळात ३०० सेकंदांचा असतो. प्रोग्रामने कितीही मागितलं तरी मॅक्स-पर्सिस्टंट-सीजीआय-टाइमआउटच्या पलीकडे जाता येत नाही आणि ती मर्यादा मुळात १८०० सेकंदांची. इथे एक गंमत आहे. हेडरमधला आकडा मिनिटांत असतो आणि कॉन्फिगरेशनमधले आकडे सेकंदांत. पाच मिनिटं म्हणून हेडरमध्ये ३०० लिहिणारे भेटतात. त्यांना मिळतात थेट १८०० सेकंद, म्हणजे वरच्या मर्यादेवर आपटून अर्धा तास, आणि जॉब का सुटत नाहीत याचा शोध सुरू होतो.

असे बांधलेले जॉब किती असू शकतील त्यालाही मॅक्स-पर्सिस्टंट-सीजीआय ही मर्यादा आहे, मुळात ४० ची. चाळीस जणांनी पान उघडून तसंच सोडलं की एक्केचाळिसाव्याला जागा नाही. मशीन निवांत असतं, प्रोसेसर जेमतेम हलतोय आणि तरी दार बंद. आकडा वाढवणं हा उपाय वाटतो, पण त्याने रांग फक्त लांबते. बंध सुटल्यावर जॉब पुन्हा सामायिक रांगेत घ्यायचा का, हे सीजीआय-रीसायकल-पर्सिस्ट ठरवतं. तो सुरू केलात तर मघाचा शिळ्या सामानाचा प्रश्न परत दारात उभा राहतो.

नवं काही लिहायचं असेल तर माझं मत सरळ आहे. या दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका. माणसाची अवस्था डेटाबेसमधल्या एका टेबलात सेशनच्या खुणेखाली ठेवा. प्रत्येक विनंतीला ती वाचा, बदला, लिहा आणि जॉब मोकळा करा. एका वाचनाचा खर्च वाढतो, पण कुठलाही जॉब कुणाचंही काम करू शकतो आणि मधूनच एखादा मेला तरी वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही. बांधलेल्या जॉबमध्ये ट्रान्झॅक्शन अर्धवट ठेवून माणसाच्या उत्तराची वाट पाहणं तर टाळाच. वेळ संपून जॉब गेला की ते ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं, म्हणजे केलेले बदल मागे घेतले जातात, आणि माणूस मात्र ऑर्डर गेली या समजुतीत असतो.

प्रोग्राम बदलताना

चालू असलेला प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला तर या मशीनवर कुणालाच एरर येत नाही. हे कौतुकाचं आहे आणि घातकही. जुना ऑब्जेक्ट गुपचूप क्यूआरपीएलओबीजे या लायब्ररीत हलवला जातो आणि ज्या जॉबने तो आधीच उचलला आहे तो तिथूनच चालवत राहतो. नव्याने सुरू होणारे जॉब नवा उचलतात. त्यामुळे कंपाइल झालं, स्वतः तपासलं, बदल दिसला आणि घरी गेलो, असं चालत नाही. तुम्ही तपासलात तो जॉब नवा होता आणि शेजारचा चार दिवसांपासून जागा आहे. वेब प्रोग्राम बदलला की तो चालवणारे सीजीआय जॉब बदलायलाच हवेत.

त्यासाठी एंड-टीसीपी-एसव्हीआरने इन्स्टन्स थांबवून स्टार्ट-टीसीपी-एसव्हीआरने पुन्हा सुरू करतात. यात एक खाच आहे. थांबवण्याची कमांड लगेच परतते, जॉब मात्र मागे हळूहळू संपत असतात. सीएल प्रोग्राममध्ये (म्हणजे कमांडींच्या प्रोग्राममध्ये) दोन्ही ओळी लागोपाठ लिहिल्या की जुना इन्स्टन्स गेलेला नसताना नवा सुरू व्हायला बघतो आणि सकाळी वेबसाइटच बंद. मध्ये जॉब खरोखर संपल्याची खात्री करणारा लूप घाला. नुसतं मिनिटभर थांबणं पुरेल असं वाटतं, आणि मशीनवर भार असलेल्या एखाद्या रात्री ते पुरत नाही.

रोज रात्री एकदा रीस्टार्ट करावा का, यावर लोक हिरिरीने भांडतात. करावा, असं मी म्हणेन. डेटाबेसच्या विनंत्या हाताळणारे क्यूझेडडीएएसओआयएनआयटी हे प्रीस्टार्ट (आधीच सुरू करून ठेवलेले) जॉब खुद्द आयबीएमच ठरावीक वापरांनंतर निवृत्त करते. त्यांची मॅक्स-यूज मर्यादा मुळात २०० असते. आपले प्रोग्राम त्यांच्यापेक्षा स्वच्छ असतील असं मानण्याचं काही कारण मला दिसत नाही. शिवाय रात्रीच्या कामांना फाइली मोकळ्या लागतात. एलआर न लावलेला प्रोग्राम फाइल उघडी ठेवून बसलेला असतो, तो काहीच करत नसला तरी. मग फाइल रीऑर्गनाइझ करणारं किंवा रिकामी करणारं काम लॉक मिळत नाही म्हणून पडतं. फाइल कोणी धरली आहे हे वर्क-ऑब्जेक्ट-लॉक या कमांडने पाहिलं की क्यूटीएमएचएचटीपी१ च्या नावाचे जॉब ओळीने उभे असतात.

अडकलेला जॉब

प्रोग्राममध्ये न पकडलेली एरर आली की या मशीनची जुनी सवय जागी होते. मशीन ऑपरेटरला प्रश्न विचारतं आणि उत्तराची वाट बघत थांबतं. वर्क-ॲक्ट-जॉबमध्ये तो जॉब एमएसजीडब्ल्यू, म्हणजे संदेशाच्या उत्तरासाठी थांबलेला, या स्थितीत दिसतो. हिरव्या पडद्याच्या दिवसांत हे ठीक होतं, कारण समोर माणूस असायचा. वेबवर ब्राउझर थोडा वेळ वाट पाहून सोडून देतो. जॉब मात्र तसाच, हातात धरलेलं रेकॉर्ड घट्ट पकडून. मग दुसरा जॉब तेच रेकॉर्ड मागायला येतो. फिजिकल फाइल बनवताना काही वेगळं सांगितलं नसेल तर रेकॉर्डसाठी थांबण्याची मर्यादा ६० सेकंद असते, म्हणून तो मिनिटभर लटकतो आणि सीपीएफ५०२७, म्हणजे रेकॉर्ड दुसऱ्या जॉबकडे आहे, ही एरर देतो. ती एररही पकडलेली नसेल तर दोन जॉब अडकले. वापरणारे चिडून रिफ्रेश दाबतात, प्रत्येक दाबण्यामागे आणखी एक जॉब रांगेत जातो आणि थोड्याच वेळात सगळी खिडकी ठप्प होते.

अशा वेळी सगळा इन्स्टन्स मारायची घाई करू नये. सीपीएफ५०२७ च्या मजकुरातच रेकॉर्ड कोणत्या जॉबकडे आहे ते लिहिलेलं असतं. ती साखळी धरत मागे गेलं की पहिला अडकलेला जॉब सापडतो. आधी त्याचा जॉब लॉग आणि कॉल स्टॅक (कोणता प्रोग्राम कुठे थांबलाय ती यादी) छापून ठेवा आणि मग प्रश्नाला उत्तर द्या. घाईत मारलेला जॉब काहीच शिकवत नाही. कायमचा बंदोबस्त प्रोग्राममध्येच होतो. एरर पकडणारा आरपीजीचा मॉनिटर ब्लॉक किंवा पीएसएसआर सबरूटीन ठेवून कुठलीही एरर आली तरी रेकॉर्ड सोडायचं, रोलबॅक करायचं, ‘काहीतरी बिघडलं’ एवढं सांगणारं पान द्यायचं आणि एलआर लावून परतायचं. इथे मात्र एलआर लावाच. बिघडलेल्या अवस्थेतला प्रोग्राम पुढच्या माणसासाठी टिकवून ठेवण्यात काही शहाणपण नाही.

त्या दहातल्या एका रिफ्रेशच्या प्रकरणानंतर मी प्रत्येक पानाच्या तळाशी, फक्त सोर्समध्ये दिसेल अशा एचटीएमएल कॉमेंटमध्ये, पान बनवणाऱ्या जॉबचा सहा आकडी नंबर छापू लागलो. आता कुणी ‘मधूनच चुकतंय’ म्हणालं की मी पहिल्यांदा चुकीच्या पानाचा नंबर मागतो. तो हाती आला की डिस्प्ले-जॉब या कमांडच्या पर्याय १४ वर उघड्या फाइली दिसतात, १८ वर ॲक्टिव्हेशन ग्रुप, आणि जॉब कधीपासून जागा आहे तेही. मग शोधायचं असतं ते एवढंच, की त्या वेळेनंतर काय बदललं.